सासूबाईसुद्धा समाधानी

४ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,

एका अत्यंत गंभीर बाबीकडे आपले लक्ष वेधणे मला भाग पडत आहे. तुमच्या कंपनीची गाडी मला अरे-तुरे करते.

काल सकाळी शाळेला निघालो. पट्टा लावला, आरसा नीट केला, आणि पडद्यातून एका तरुण, गोड, विनाकारण आनंदी बाईचा आवाज आला, "आज तुला उशीर झाला. चल, निघू या." मी पंचावन्न वर्षांचा आहे. उभा जन्म मुलांना संस्कृत शिकवण्यात गेला. मला 'तू' म्हणणारे आता दोघेच उरलेत. एक माझी थोरली बहीण, दुसरा परमेश्वर, आणि तोही अलीकडे फारसा बोलत नाही. प्रत्यक्ष सासूबाई मला 'अहो जावईबापू' म्हणतात. त्या मागच्या सीटवर बसलेल्या असताना पुढून एक यंत्र माझा असा उद्धार करतं आणि त्या पदराआड हसतात. ही कुठली प्रगती?

हे मी अॅपवरच लिहिणार होतो. पण गाडी घेतली त्याच दिवशी तुम्ही हात जोडून सांगितलंत, की नातेवाईक-सवलतीतल्या गाडीची तक्रार वर्षभर अॅपवर टाकायची नाही, कारण ती गाडीच्या नव्हे, सवलत मिळवून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावावर चढते. फोन करावा तर दुसऱ्या वाक्याला तुम्ही मला तोडता. म्हणून पत्र. कागदाला मध्येच बोलता येत नाही.

बाकी गाडीबद्दल म्हणाल तर ती आवाज करत नाही, धूर सोडत नाही, चढावर धापा टाकत नाही. विजेशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते विजेवर बसून आलेल्या वऱ्हाडाशी. पूर्ण चार्ज केली की पडदा म्हणतो 'चारशे किलोमीटर'. सुरुवातीला मी ते खरं मानलं. आता कळलंय की तो हिशोब नसून आशीर्वाद आहे. 'शतायुषी भव' म्हणणारा काही शंभर वर्षं मोजून देत नाही. एसी लावला की आशीर्वाद निम्म्यावर येतो.

आणि दाराला कडी नाही. म्हणजे आहे, पण आत ओढून घेतलेली. गाडीची मर्जी झाली की बाहेर येते. सासूबाई ती शोधत गाडीच्या अंगावरून असा हात फिरवतात की बघणाऱ्याला वाटावं, गाय घेतलीये. आतून तर नुसतं बटण. दार उघडायला वीज लागते हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग वीज गेली की?" मी म्हटलं, "आई, या गाडीत विजेशिवाय दुसरं आहे काय?" तुमच्या ताई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, हसल्या. मलाही माझं बोलणं आवडलं.

अभिनंदनही करायचं आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी हीच गाडी नोंदवली. कारण तुमचा तो फलक, चार्जिंगच्या ठाण्यावरचा. मागच्या सीटवर सासूबाई, काचेबाहेर हात, खाली ठळक अक्षरात 'सासूबाईसुद्धा समाधानी', आणि त्याखाली माझं नाव, हुद्दा आणि मी लिहिलेल्या चार स्तुतीच्या ओळी. एकाच घरचे दोन जावई, एकाने विकावं आणि दुसऱ्याने पोवाडा गावा, असा योग क्वचित.

धाकटीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो बॅटरीवर चालत नाही.

तुमचा
थोरला साडू

&nbsp;

१३ फेब्रुवारी

आदरणीय शास्त्रीबुवा,

पत्र वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. हिने ते तीनदा वाचलं. तुमचा मुद्दा मी बैठकीत मांडला आणि साहेबांना तो फार आवडला. 'आदरार्थी संवाद' म्हणून पुढच्या अपडेटमध्ये येतोय. एका संस्कृत शिक्षकाने यंत्राला वळण लावलं असं आम्ही बाहेरही सांगणार आहोत.

चारशेचा आकडा आदर्श परिस्थितीतला आहे. रस्ता सपाट, हवा थंड, गाडीत एकटा चालक, आणि तोही सडपातळ. तुम्ही तिघं बसता.

कडीचं म्हणाल तर ती आत असल्यामुळे वारा अडत नाही, आणि गाडी दिसते बघा कशी. आईंना सवय होईल. आधी त्यांना मिक्सरचीही भीती वाटायची.

अॅपवर काही न टाकल्याबद्दल मनापासून आभार. या वर्षी माझं विभागप्रमुखपद ठरायचं आहे आणि 'ग्राहक-समाधान' हेच माझं खातं. घरचाच ग्राहक असमाधानी निघाला तर लोक काय म्हणतील.

आणि हो, पडद्याच्या कोपऱ्यात कधी छोट्या बॅटरीचं पिवळं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. फक्त आधी मला फोन करा. अॅपवर नको.

ग्रंथपाल बाईंना माझ्यातर्फे पेढे द्यायला हवेत. पुढच्या भेटीत.

तुमचा
धाकटा साडू

&nbsp;

२२ मार्च

प्रिय साडूभाऊ,

विजय. आज सकाळी गाडी म्हणाली, "नमस्कार. आपणांस आज थोडा उशीर झाला आहे. निघावे का?" मी इतका हरखलो की तिला 'हो, निघावे' असं उत्तर दिलं. सासूबाई म्हणाल्या, "हिचं लग्न चांगल्या घरात झालेलं दिसतंय."

तुमचं पत्र आणि माझ्या पत्राची नक्कल मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवली. 'तोही सडपातळ' या ठिकाणी कवायतीचे सर खुर्चीवरून पडायचे राहिले. आता सगळे रोज विचारतात, साडूपुराणाचा पुढचा अध्याय कधी? ग्रंथपाल बाई सगळ्यात जास्त हसतात. त्यांची गाडी गेल्या आठवड्यात आली. आमच्यासारखीच, पांढरी. तीन वर्षांची लेक मागे, लहान मुलांच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, आणि बाई पुढे एकट्या. लांब पुलावरून मुलीला पाळणाघरात सोडतात आणि शाळेत येतात. खूश आहेत.

परवा तुमचं ते पिवळं चिन्ह दिसलं. फोन केला तर तुम्ही म्हणालात, बंद करून चालू करा. केलं. चिन्ह गेलं. बंद करून चालू केल्याने बरा होणारा आजार मला फार आवडतो. आमच्या मुख्याध्यापकांवर हा उपाय करून पाहायचा आहे.

तुमचा
(आता गाडीलाही) आदरणीय साडू

&nbsp;

३ मे

साडूभाऊ,

या पत्राची नक्कल मी शाळेत वाचून दाखवणार नाही.

शुक्रवारी दुपारी सासूबाईंना डोळे तपासायला नेत होतो. तुमच्या ताई माझ्या शेजारी, सासूबाई मागे. उन्हाने डांबर मऊ झालेलं. उड्डाणपुलाच्या चढावर पडद्यावर पिवळं चिन्ह आलं. मी फोनकडे हात नेतो तोवर ते लाल झालं, आणि आवाज आला, "कृपया आपण गाडी सुरक्षित जागी थांबवावी." जागा कुठली? दोन्ही बाजूंना कठडे. पुढच्याच क्षणी पडदा काळा झाला, एसी थांबला, आणि गाडी मधल्या मार्गिकेत खिळल्यासारखी उभी राहिली. ढकलावी तर चाकं जाम. मागच्यांनी हॉर्न वाजवून आमच्या ज्ञानात भर घातली.

नंतर तुमच्या मेकॅनिकने सांगितलं ते असं. मोठी बॅटरी पाऊणशे टक्के भरलेली होती. तिला काही झालेलं नव्हतं. गेली ती छोटी, जिच्यावर पडदा, कुलपं आणि काचा चालतात. म्हणजे हत्ती ठणठणीत, माहूत बेशुद्ध. आणि माहूत बेशुद्ध पडला की हत्ती कुणाला खाली उतरू देत नाही.

बटण दाबलं, दार उघडेना. काच खाली होईना. धडपडताना माझा हात दाराच्या खाचेतल्या एका खिट्टीला लागला आणि माझं दार उघडलं. मग तुमच्या ताईंचं. मागच्या दारांना मात्र तशी खिट्टी नाही. मी बाहेर येऊन मागचं दार ओढायला गेलो तर ओढायचं काय? गुळगुळीत पत्रा. कडी आत लपलेली. त्या पत्र्यावरून मी हात फिरवत होतो, साडूभाऊ, त्या फिरवायच्या तसाच. आतून त्या काचेवर थापा मारत होत्या. एका टेम्पोवाल्याने काच फोडायला पाना आणला, पण काचेला त्यांचं डोकं लागलेलं. "आई, पलीकडे सरका," मी ओरडतोय, पण चढामुळे पुढची दारं लोटलेली, त्यांना ऐकू येत नाही. तुमची गाडी इतकी शांत की आत बाहेरचा आवाज जात नाही. हेही जाहिरातीत आहे.

शेवटी तुमच्या ताई पुढच्या सीटवरून मागे घुसल्या आणि आम्ही दोघांनी मिळून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दोन सीटांच्या फटीतून ओढून काढलं, गव्हाचं पोतं काढावं तसं. त्यांचा खांदा निखळला. चेहरा तांबडालाल, ओठ कोरडे. पुलाच्या कठड्याला टेकून बसल्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "धाकट्या जावयांना सांगू नका हो. त्यांना वाईट वाटेल."

म्हणून सांगतोय.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. फेब्रुवारीत, मी 'तू' आणि 'आपण'चे विनोद करत होतो तेव्हा, छोट्या बॅटरीच्या पिवळ्या चिन्हाबद्दल मी तुम्हाला विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून लिहिलंत. तुम्हाला कसं सुचलं?

थोरला साडू

ता. क. हे पत्र मी वाचलं. यातला निम्मा राग माझा आहे. धाकटीला म्हणावं, मी फोन उचलणार नाही. — ताई

&nbsp;

११ मे

आदरणीय शास्त्रीबुवा,

आईंच्या खांद्याचं ऐकून आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. ही माझ्याशी बोलत नाही. गाडी दुसऱ्याच दिवशी उचलून नेली, नवी छोटी बॅटरी बसवून दिली, एक पैसा घेतला नाही. डॉक्टरांचंही मी बघतो.

पण काही गोष्टी शांतपणे ऐकून घ्या. असं उदाहरण हजारात एखादं. तुमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीने तुम्हाला किती वेळा रस्त्यात सोडलं होतं? तेव्हा तुम्ही त्या कंपनीला पत्रं लिहिली नाहीत. आणि एक विनंती, 'बंद पडली' हा शब्द कुठे लिहू नका. आमच्याकडे त्याला 'विश्रांती-स्थिती' म्हणतात.

मागच्या दारालाही सोय आहे. दाराच्या कप्प्यातलं रबर उचललं की खाली कापडाची झडप आहे, तिच्याखाली एक काळी पट्टी. ती ओढली की दार उघडतं. पुस्तिकेत स्पष्ट दिलंय. पुस्तिका गाडीच्या पडद्यावर आहे.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. हो, आमच्याकडे काही गाड्यांचे असे फोन आले होते. उपाय शोधणं चालू आहे, अपडेट येतोय. तोवर उगाच घबराट नको असं वरून ठरलं. मी ठरवलेलं नाही. मी विक्रीनंतरच्या टेबलावर बसणारा माणूस आहे.

आणि राग येणार नसेल तर एक सांगतो. गाडी शोरूममध्ये उभी होती, चाक अर्धा फूटही फिरलं नव्हतं, तेव्हा तुम्ही सर्वेक्षणात पैकीच्या पैकी तारे दिलेत. आईंचा फोटो उभ्या गाडीत काढला. "साडूच्या पोटावर पाय कशाला द्यायचा," म्हणत त्या चार ओळी तुम्ही तिथेच काउंटरवर लिहिल्यात. मी बळजबरी केली नव्हती. आता सगळं पाप एकट्या माझ्या माथी मारू नका. टांगणीला माझी नोकरी आहे. तुमची नाही.

अॅपवर काही टाकू नका. हात जोडतो.

धाकटा साडू

&nbsp;

१८ मे

साडूभाऊ,

सासूबाईंचा खांदा सध्या विश्रांती-स्थितीत आहे. हा या पत्रातला शेवटचा विनोद.

पडदा गेला की दार कसं उघडायचं, हे पडद्यावर लिहून ठेवलंय. याला आमच्या शास्त्रात वदतो व्याघात म्हणतात. तुमच्याकडे याला पुस्तिका म्हणतात. हे लिहिणारा, ते तपासणारा, ते मान्य करणारा, अशी किमान तीन शिकलेली माणसं त्या टेबलाभोवती बसली असतील आणि तिघांपैकी एकालाही आपली आई मागच्या सीटवर बसवून पाहावीशी वाटली नाही. हजारो वर्षांत माणसाने दाराला एक कडी शोधून काढली. आंधळ्याला सापडते, पोराला ओढता येते, अंधारात चालते. तिच्यात काय खोट होती? एवढीच, की ती जुनी होती. जुन्या कडीची जाहिरात होत नाही.

पेट्रोलची गाडी मला रस्त्यात सोडायची हे खरं. सोडायची. धरून ठेवायची नाही.

ताऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खोटं नाही. उभ्या गाडीची स्तुती मीच केली. पण 'वरून ठरलं' असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही तीच गाडी फेब्रुवारीत आणखी एकीला विकू दिलीत, आणि मला लिहिलंत की पेढे द्यायला हवेत. साडू म्हणून मी तुमचं बरंच गिळलंय. तुमच्या लग्नातल्या भाषणापासून. हे घशाखाली जात नाही.

परवा मी ग्रंथालयात गेलो. (उन्हाळी सुट्टी मुलांना; आम्हाला कामाला बोलावलंय.) बाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. म्हटलं, "बाई, ती गाडी काही दिवस उभी ठेवा. निदान मुलीला मागे बसवू नका."

"का हो सर?"

सगळं सांगितलं. पूल, ऊन, सासूबाई. त्यांनी हातातलं कव्हर खाली ठेवून ऐकलं. मग जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "सर, एक विचारू? रागावू नका. साडूंशी काही वाजलंय का?"

"वाजलंय. पण ते याच्यावरूनच."

"तेच म्हणतेय मी. आमच्याकडेही दोन साडू आहेत ना. एकाने सुचवलेला फ्रिज दुसऱ्याने बारा वर्षं शिव्या देत वापरला. अजून थंड करतोय."

"बाई, मी गंमत करत नाहीये."

"गंमत करताना तुम्ही असाच चेहरा करता, सर." आणि त्या हसल्या. "फलकावर तर तुमचंच नाव आहे. रोज बघते मी."

शेजारी कवायतीचे सर वर्तमानपत्र चाळत होते. ते म्हणाले, "हा अध्याय जरा भडक झालाय, शास्त्रीबुवा."

साडूभाऊ, तीन महिने मी या लोकांना तुमच्या गाडीवर हसवलं. आता मी ओरडतोय तर त्यांना तो पुढचा विनोद वाटतो. मी खोटं लिहिलं ते त्यांनी खरं मानलं, आणि खरं सांगतोय ते साडूभांडण ठरलं. त्या बाई रोज त्या पुलावरून जातात. गाडी थांबली तर त्या पुढून उतरतील. मूल मागे पट्ट्यांनी बांधलेलं असेल, आणि त्या पत्र्यावरून हात फिरवत राहतील.

माझं त्या ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. तुमच्या शर्टावर कंपनीचं नाव आहे. या आणि सांगा. लेखी नको असेल तर तोंडी सांगा. तुम्ही आला नाहीत तर मी अॅपवर लिहीन, आणि मग तुमच्या विभागप्रमुखपदाचं काय व्हायचं ते होवो. हे धमकी समजून वाचायला माझी हरकत नाही.

थोरला साडू

&nbsp;

२६ मे

शास्त्रीबुवा,

रविवारी तुमच्या गावात येऊन गेलो. तुमच्याकडे आलो नाही. ताईंसमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

ग्रंथपाल बाईंचा पत्ता आमच्या नोंदीत होताच. मुद्दाम कंपनीचा शर्ट घालून गेलो. त्यांना वाटलं, मोफत तपासणी आहे. मी मागचं दार उघडलं, रबर उचललं, झडप काढली, काळी पट्टी दाखवली. काळ्या कप्प्यात काळी पट्टी, मलाच सापडायला वेळ लागला. तिला लाल फीत बांधायची असं मी ठरवूनच गेलो होतो. हिच्याकडून शिवणाच्या डब्यातली मागून घेतली होती. तेवढ्यासाठी ती माझ्याशी बोलली.

फीत बांधली. म्हटलं, मुलीला शिकवून ठेवू. तिला खुर्चीत बसवलं, पट्टे लावले. "ओढ बाळा, लाल रिबीन ओढ." तिने हात लांब केला. पोचेना. अंगाला पट्टे, खुर्ची मधोमध, रिबीन खाली दारात. तिला तो खेळ वाटला. पुन्हा पुन्हा हात लांब करत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. मी फितीला आणखी एक तुकडा जोडला. तो दार लावताना फटीत अडकला. तिसरा प्रयत्न मी केलाच नाही.

बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

म्हटलं, "जानेवारीपासून."

"मी गाडी मार्चमध्ये घेतली."

"हो."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं, ते माझं रोजचंच काम आहे. त्यांनी मुलीचे पट्टे सोडले, तिला कडेवर घेतलं आणि घरात गेल्या. जाताना म्हणाल्या, "सरांना सांगा, मी त्यांना हसले." दार लावून घेतलं. मी ती फीत काढून परत खिशात ठेवली आणि मग पुन्हा बांधली. का ते माहीत नाही.

ऑफिसात फलकाची गोष्ट काढली. दुसऱ्या दिवशी फलक उतरला. तुमच्या जागी आता एक खेळाडूसारखा दिसणारा मुलगा आणि कुत्रा आहे. यालाच आमच्याकडे कारवाई म्हणतात.

अॅपवर टाका. जे झालं ते सगळं लिहा. माझं नाव वगळू नका. वगळलंत तर ते म्हणतील, ग्राहकाचा गैरसमज.

आईंना नमस्कार. त्यांनी पुलावर काय म्हटलं ते तुम्ही लिहायला नको होतं.

धाकटा साडू

&nbsp;

७ जून

प्रिय साडूभाऊ,

तक्रार टाकली. पूल, खांदा, पिवळं चिन्ह, पट्टी, तुमचं नाव, माझं नाव, आणि उभ्या गाडीला दिलेले तारेसुद्धा. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?' खाली निवडायला तीन चेहरे होते. हसरा, जास्त हसरा, आणि विचारात पडलेला. संतापलेला चेहरा त्यांनी बनवलेलाच नाही. मी काहीच दाबलं नाही. मग कागदावर पुन्हा सगळं लिहून वाहतूक खात्याला आणि दोन वर्तमानपत्रांना पाठवलं. अजून कुणी काही छापलेलं नाही.

तुम्हाला चौकशीसाठी बोलावल्याचं धाकटीने तिच्या ताईला सांगितलं. होय, दोघी बोलायला लागल्या आहेत. नोकरीचं काही वेडंवाकडं झालंच तर आमच्या घरी तुमचं ताट आहे, हे सासूबाईंनी सांगायला सांगितलं. ताई अजून 'बघू' म्हणतात. तो त्यांचा होकारच असतो. तुम्ही गेलात आणि बाईंना तोंडावर खरं सांगितलंत, ते मला जमलं असतं की नाही, शंका आहे.

बाई आता मुलीला घेऊन बसने जातात. काल त्या माझ्या टेबलावर एक पुस्तक ठेवून गेल्या. बरं वाटलं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. मी रोज शाळेतलं काम संपलं की चार्जिंगच्या ठाण्यावर जातो. चालत. गाडी घरी उभी आहे. खिशात लाल फितीचं रीळ असतं. तशी पांढरी गाडी आली की मी आधी मागच्या सीटकडे बघतो. काल एकीत एक म्हातारे गृहस्थ होते. मी काचेवर टकटक केलं, तर पुढच्या मुलीने काच वर केली आणि मान फिरवली. तिची काय चूक? फीत घेऊन गाड्यांच्या काचा वाजवणारा माणूस मलाही वेडाच वाटला असता. काही जण ऐकतात, दोघांनी फीत बांधून घेतली. बाकीचे हसून निघून जातात.

फलक उतरला, पण तो तिथे अख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा होता. त्याखाली उभं राहून किती जणांनी माझं नाव वाचलं, मला माहीत नाही. त्यांच्यातल्या कितींनी गाडी घेतली, माहीत नाही. त्यांच्या मागच्या सीटवर कोण बसतं, तेही माहीत नाही. ऊन अजून संपलेलं नाही.

मला भीती वाटते, साडूभाऊ.

तुमचा
थोरला साडू